दिसलं तेवढंच

आमच्या ताईसाठी कुम्हारी गावचा मुलगा पाहून मंडळी संध्याकाळी घरी आली, तेव्हा त्यांनी चपला काढायच्या आतच आईने विचारलं, "कसा आहे मुलगा?" बाबा म्हणाले, "चांगला वाटला." मावशी म्हणाली, "मले तर थोडा घमेंडी वाटला बाई." मग आईने सोबत गेलेल्या तिसऱ्या माणसाकडे पाहिलं. ते आमच्या मागच्या क्वार्टरमधले रिपोर्टकाका. त्यांनी पाय जुळवले, हात शिवणीला लावले आणि सांगितलं, "उंची तुमच्या मालकापेक्षा चार बोटं जास्त. चष्मा आहे. डाव्या पायावर जोर देऊन चालते. चहात बिस्कीट बुडवलं, तुटून खाली गेलं, चमच्यानं काढून खाल्लं. आईनं पाणी मागितलं तर स्वतः उठून आणलं. बहीण बाजूलेच बसून होती, तिले नाही पाठवलं. रिपोर्ट संपला."

"अहो भाऊजी, पण चांगला आहे का नाही, ते सांगा ना."

"एका तासात चांगला कसा दिसन, वहिनी? दिसलं तेवढं सांगितलं."

ताई दारामागून ऐकत होती. बाबांच्या 'चांगला'वर नाही आणि मावशीच्या 'घमेंडी'वर तर नाहीच, तिने त्या पेलाभर पाण्यावर होकार दिला. लग्नाला आता पुष्कळ वर्षं झाली. ताईचा नवरा अजून स्वतःचं पाणी स्वतः उठून घेतो आणि सासूलाही देतो. बिस्कीटही अजून चहात पडतंच.

काकांचं खरं नाव क्वार्टरच्या पाटीवर रंगवलेलं होतं, पण ती पाटी वाचायची तसदी कोणी घेतली नाही. भिलाईच्या सेक्टर दहामधल्या हिंदी बोलणाऱ्या पोरांचे ते रिपोर्ट अंकल, आम्हा मराठी घरांचे रिपोर्टकाका. गाव भंडाऱ्याकडचं, बाबांच्या गावापासून दोन कोसांवर. तिथून उठून ते नौदलात गेले, पंधरा वर्षं काढली आणि मग माजी सैनिक म्हणून इथल्या पोलाद कारखान्याच्या, म्हणजे प्लांटच्या, आतल्या रेल्वे यार्डात लागले. काकू मी शाळेत असतानाच वारल्या. एकुलती मुलगी नागपूरला दिलेली. काका निवृत्त झाले, क्वार्टर लीजवर घेतलं आणि मागच्या व्हरांड्यात लोखंडी खुर्ची टाकून बसले ते बसलेच. त्यांचा मागचा व्हरांडा आणि आमचं मागचं अंगण यांच्यात फक्त एक गल्ली होती.

नौदल म्हटल्यावर आम्ही पोरं जहाज, तोफ, लढाई अशा आशेने त्यांच्याकडे जायचो. आमची चांगलीच निराशा व्हायची, कारण काकांचं बहुतेक नौदल जमिनीवरच गेलं होतं. पूर्व किनाऱ्यावर एक डोंगर किनारा सोडून थेट समुद्रात शिरलाय. भूगोलाच्या पुस्तकात अशा जागेला भूशिर म्हणतात. काका नुसतं 'डोंगर' म्हणायचे आणि नाव विचारलं तर, "ड्युटीची जागा आहे, तुले काय कराचं आहे नावाचं?" म्हणून गप्प करायचे. म्हणून मीही ते इथे लिहीत नाही. तीन बाजूंना पाणी, चौथ्या बाजूला बंदर. तिथे एकेका जमान्याने आपापलं काहीतरी ठेवून दिलं होतं. इंग्रजांच्या तोफांचे दगडी चौथरे होते, त्यांवर आता घोरपडी ऊन खात पडायच्या. झेंड्याच्या जुन्या खांबाचं बूड होतं. मोठ्या महायुद्धात बांधलेली सिमेंटची बुटकी खोली होती, तिला भिंतभर लांब पण वीतभर उंच अशी एकच खिडकी. आणि या सगळ्यांच्या वर दीपगृह. काकांची ड्युटी त्या बुटक्या खोलीत. दुर्बीण घेऊन उभं राहायचं आणि पाण्यावर जे दिसेल ते फोनवरून खाली कळवायचं.

"तोफा साऱ्या गंजून गेल्या," ते म्हणायचे. "पाहणारा माणूस मात्र अजून लागते."

"काका, तुम्ही लढाई पाहिली?"

"नाही."

"मग काय पाहिलं?"

"पाणी."

पाणी पाहायचीही रीत असते, हे आम्हाला त्यांच्याकडून कळलं. एकदम सगळीकडे पाहायचं नाही. क्षितिजाचा एक छोटा तुकडा घ्यायचा, तो डावीकडून उजवीकडे संथपणे पाहायचा, डोळ्यांना क्षणभर विसावा द्यायचा, मग पुढचा तुकडा. भिलाईत क्षितिज कुठलं, तिथे कारखान्याच्या चिमण्या आणि शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाक्या. पण काका संध्याकाळी खुर्चीत बसून गल्ली अशीच पाहायचे, तुकड्या-तुकड्याने. दिशा सांगायची तर ती घड्याळावर. आपलं नाक बारा वाजता, उजवा कान तीन वाजता. आमच्याकडे जेवायला बसले की माझ्या धाकट्या भावाला शांतपणे सांगायचे, "तुझ्या ताटात, चार वाजता, मुंगी." भाऊ बरोबर चारला बोट ठेवायचा. पाहुण्यांना हा प्रकार समजायला दोन-तीन जेवणं लागायची.

त्यांच्या या स्वभावाचा आमच्या कॉलनीला फार उपयोग होता आणि तितकाच जाचही. एका जयंतीला कमिटीच्या लोकांनी हौसेने त्यांना मंचावर बोलावलं. माजी नौसैनिक म्हणून हार घातला, दोन शब्द बोला म्हणाले. काका माइकसमोर उभे राहिले, डावीकडून उजवीकडे पटांगण पाहून घेतलं आणि म्हणाले, "खुर्च्या दोनशे. भरलेल्या एकशे दहा. बाया उभ्या आहेत, माणसं बसून आहेत. मागच्या लोकांपर्यंत आवाज जाऊन नाही राहिला. जय भीम." आणि खाली बसले. पहिल्या दोन रांगांतली माणसं जराशी चुळबुळली, मग एकेक करून उठली. बायकांना खुर्च्या मिळाल्या. पुढच्या वर्षी कमिटीने त्यांना हार घातला, पण माइक काही दिला नाही.

मला मात्र कॉलेजच्या दिवसांत त्यांचा राग यायचा. आता खोटं कशाला बोलू, मी एकदा ट्यूशनच्या नावाखाली मैत्रिणींबरोबर पिक्चरला गेले होते. बाबांना शंका आली. त्यांनी गल्लीतूनच विचारलं, "दादा, आमची पोरगी ट्यूशनले गेली होती का?" आता एखादा काका काय म्हणाला असता? 'हो गेली होती' म्हटलं असतं तर त्यांचं काय बिघडलं असतं? हे म्हणाले, "साडेपाच वाजता ट्यूशनच्या दिशेनं गेली. पोहोचली का, ते मी नाही पाहिलं." बाबांना तेवढं पुरेसं होतं. मी आठ दिवस काकांशी बोलले नाही. त्यांनी ते नक्की पाहिलं असणार, पण कोणाला सांगितलं नाही.

नवव्या दिवशी मार्केटमधल्या एका बाईंनी आईला येऊन सांगितलं की तुमची मुलगी एका पोरासोबत हिंडताना दिसली. आईचा चेहरा पांढराफटक पडला. काका त्या वेळी त्यांच्या व्हरांड्यात होते. तिथूनच त्यांनी विचारलं, "कोणत्या दिवशी?" बाई म्हणाल्या, "शुक्रवारी, समोसेवाल्यापाशी." काका म्हणाले, "शुक्रवारी मीही होतो तिथं. लाइन होती. पोरीच्या मागं चार जण उभे. थो पोरगा दुसरा. त्याच्या मागं तुमचे मालक. हिंडून कोणीच नव्हतं राहिलं." बाई आल्या पावली परत गेल्या. काकांनी माझी बाजू घेतली असं तरी कसं म्हणू? त्यांनी लाइन सांगितली. पण त्या दिवसापासून आईने मला कुठे जातेस म्हणून परत कधी विचारलं नाही, आणि माझं काकांशी बोलणंही सुरू झालं.

लोक त्यांना कोरडे म्हणायचे. कोणाकडे दुःख झालं की आपण जाऊन म्हणतो, सगळं ठीक होईल. काका जायचे, बसायचे, पण ते वाक्य त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही. ठीक होईल हे त्यांना कुठे दिसलेलं असायचं? मीही त्यांना कोरडंच समजत होते. माझं मत बदललं ते एका सकाळी, आणि त्या सकाळबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण आज माझी आई माझ्याशी बोलते ती त्या सकाळमुळे.

बाबा पहिल्या पाळीला प्लांटमध्ये गेले होते. भाऊ बाहेरगावी शिकायला. मला रायपूरला नोकरी लागली होती आणि मी बस गाठायची म्हणून आरशासमोर केस विंचरत होते. एवढ्यात काका मागच्या दारातून आत आले. न विचारता ते कधी आत येत नसत. म्हणाले, "आईकडे चाल." अंगणात कपडे वाळत घालायच्या दोरीखाली आई उभी होती. तिच्या पायाशी चिमटे पडले होते आणि ती ते उचलायला वाकत होती, पण उजव्या हाताने एकही चिमटा उचलला जात नव्हता. "आई, काय झालं?" मी विचारलं. तिने तोंड उघडलं आणि जे निघालं त्याला शब्द म्हणता येणार नाही.

मी म्हटलं, "चक्कर आली वाटते. रात्री जेवली नाही, पित्त झालं असेल. लिंबाचं सरबत देते."

"काही देऊ नको," काका म्हणाले. "घशाखाली उतरते का नाही, कोणी पाहिलं नाही. मी ऑटो आणतो."

दवाखान्यात तरुण डॉक्टर होते. त्यांनी आईला हात वर करायला सांगितलं, हसायला सांगितलं. उजवा हात वर झाला नाही, तोंडाची उजवी बाजू हलली नाही. ते मला हिंदीत भराभर विचारू लागले. मेंदूकडे जाणारी रक्ताची नळी बंद झालेली दिसतेय, स्कॅन करू. त्यात रक्तस्राव नसेल तर गाठ विरघळवायचं इंजेक्शन देता येतं, पण त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच. उशीर झाला असेल किंवा वेळ नक्की ठाऊक नसेल तर ते धोक्याचं. तर हे सुरू कधी झालं?

आणि मी, शिकलेली, नोकरी करणारी, कॉलनीभर चुरूचुरू बोलणारी मी, म्हणाले, "रात से ही तबीयत ठीक नहीं थी."

डॉक्टरांनी कागदावर 'रात से' लिहिलं. तेवढ्यात मागून आवाज आला, "थांब." काका मला म्हणाले, "रात्री तिचा हात उचलत नव्हता, हे तू पाहिलं?"

"नाही, पण डोकं दुखतं म्हणत होती, लवकर झोपली, मला वाटलं..."

"वाटलं ते राहू दे. हात पाहिला?"

"नाही."

काका डॉक्टरांकडे वळले. पाय जुळवलेले, हात शिवणीला. त्यांचं हिंदीही तसलंच, मोजून-मापून. आठ वीसला या नळावर होत्या. भरलेली बादली दोन्ही हातांनी उचलली. माझ्याशी बोलल्या. डॉक्टरांनी विचारलं, बोलणं साफ होतं? साफ. काय म्हणाल्या? काकांनी ते वाक्य मराठीतच सांगितलं, "भाऊजी, तुमच्या आंब्याची पानं माझ्या अंगणात पडून राहिली, झाडू आणून देऊ का?" मग हिंदीत सांगितलं की हसल्या, तोंड दोन्ही बाजूंनी सारखं हललं. आठ पन्नासला दोरीपाशी आल्या. पहिला चिमटा लावला. दुसरा हातातून पडला. तिसरा उचलता आला नाही. उजवा हात. मी गल्ली ओलांडली. बस इतना ही देखा.

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. सव्वादहा होत होते. त्यांनी 'रात से' खोडलं आणि वर 'आठ बीस' लिहिलं. स्कॅन झाला आणि अकराच्या आत इंजेक्शन लागलं.

दोन दिवसांनी त्याच डॉक्टरांनी मला सांगितलं, वेळ रात्रीची धरली असती तर हे इंजेक्शन मी देऊच शकलो नसतो. मी त्या दवाखान्याच्या जिन्यात बसून खूप रडले. आईवर माझं किती प्रेम आहे ते मी सगळ्यांना सांगत फिरायचे, आणि तिचा हात, तिची वाचा, कदाचित तिचा जीवही, माझ्या एका न पाहिलेल्या वाक्याने गेला असता. ज्या माणसाला मी कोरडा म्हणत होते त्याने तिचं शेवटचं साफ वाक्य शब्दन् शब्द जपून आणलं होतं.

काका आभार मात्र मानू देईनात. बाबा पेढे घेऊन गेले तर म्हणाले, "ड्युटीचे कोणी आभार मानते का?" मी पायाला हात लावायला वाकले तर दोन पावलं मागे सरकले आणि उठून यार्डातल्या कोणाला तरी भेटायला निघून गेले. मला याचं वाईट वाटायचं. आईला माझ्यापेक्षा जास्त वाटत असणार, पण तिला ते सांगता येत नव्हतं. हात हळूहळू परतत होता, शब्द मात्र आले नव्हते.

शब्द आणायचं काम मग काकांनीच अंगावर घेतलं. कोणी सांगितलं नव्हतं. दवाखान्यातल्या बाईंनी व्यायाम लिहून दिले होते, चित्रांची कार्डं दिली होती, आणि आई ती कार्डं पाहून चिडायची. काका एका दुपारी चार वाजता आपली लोखंडी खुर्ची उचलून आमच्या समोरच्या व्हरांड्यात घेऊन आले, आईच्या शेजारी ठेवली आणि रस्त्याकडे बोट करून म्हणाले, "वहिनी, काय दिसून राहिलं?"

रस्त्यावरून एक सायकल गेली. आई पुष्कळ वेळ धडपडली आणि म्हणाली, "च... चमचा."

मी आतून पाहत होते. मला हुंदका आला. काका म्हणाले, "पुन्हा पाहा." दुसरी सायकल यायला दहा मिनिटं लागली. ते थांबले. आई पुन्हा चमचाच म्हणाली. ते म्हणाले, "बरं. उद्या."

दुसऱ्या दिवशी चारला खुर्ची पुन्हा हजर. मग रोज, पाच वाजेपर्यंत. मी मध्ये तोंड घालून शब्द पुरवायला जायचे तर ते हात वर करून थांबवायचे. "थांब. तिले पाहू दे." अकराव्या की बाराव्या दिवशी आई म्हणाली, "सायकल." मग कावळा आला, दूधवाला आला, शाळेच्या पोरींचे निळे फ्रॉक आले. पावसाळा संपेपर्यंत ती दोन-दोन शब्द जोडायला लागली. एकदा काकांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "काय दिसून राहिलं?" तर आईने रस्त्याकडे न पाहता त्यांच्याकडे पाहिलं आणि सावकाश म्हणाली, "म्हातारा... माणूस. बटण... तुटलेलं." काकांनी आपल्या शर्टाकडे पाहिलं. म्हणाले, "बरोबर रिपोर्ट आहे." त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन एकटीच पोटभर हसले.

पुढे त्यांचेच डोळे गेले. मोतीबिंदू नव्हता, डोळ्यांच्या मागचा पडदा खराब झाला होता आणि त्याला फारसा इलाज नव्हता. आधी त्यांनी कोणाला सांगितलं नाही. एके दिवशी माझ्या भावाच्या ताटात माशी पडली तरी ते काही बोलले नाहीत, तेव्हा आमच्या लक्षात आलं. मुलगी आली, तिने क्वार्टर सोडायचं ठरवलं. सामान फार नव्हतंच. नागपूरला गेल्यावर दोन वर्षांनी, झोपेतच, काका गेले. आम्ही सगळे गेलो होतो. तिथे बोलणाऱ्यांनी त्यांची शिस्त सांगितली, देशसेवा सांगितली. मला त्या गर्दीत, काका भिलाई सोडून जाण्याआधीच्या आठवड्यातली ती एक दुपार आठवत राहिली, जी फक्त आम्हा तिघांना ठाऊक होती.

चार वाजले होते. खुर्च्या शेजारी-शेजारी. मी पायरीवर मटार सोलत बसले होते. त्या दिवशी काकांनी काय दिसतं म्हणून विचारलं नाही. आईनेच विचारलं, "भाऊजी... डोंगर... आठवते?"

काका बोलले ते रस्त्याकडे तोंड करूनच.

"आठवते. एक सकाळ जास्त आठवते. सात वाजले होते, पाण्यावर धुकं. डोंगराच्या खाली, दगडांपासून दूर, एक लाकडी बोट. मले काय दिसलं? बोट. चालून नाही राहिली. एक माणूस उभा. हात वर. एवढं दिसलं. मी फोनवर काय सांगितलं? मासेमारीची बोट एक, बाकी काही नाही. रोज पन्नास बोटी राहत तिथं. वाटलं, जाळं फेकून राहिला असन. सव्वा तासानं पुन्हा थो तुकडा पाहिला तर बोट दगडांपाशी. माणूस उभाच. आता हातात शर्ट, हलवून राहिला. मग सांगितलं, मग लाँच सुटली. लाँच पोहोचेपर्यंत बोट फुटली. चौघं होते. एक गेला."

माझा हात मटारांत थांबला. काका पुढे म्हणाले, "बोट मासेमारीचीच होती, वहिनी. रजिस्टरात माझी चूक नाही निघाली. कोणी मले बोललं नाही. पण ती मासे पकडून नव्हती राहिली."

आईने बोटं वर केली. एक दुमडलं. "बाकी... तीन?"

"तीन वाचले." हे ते घाईने म्हणाले, जणू त्याचा काही संबंध नाही. "त्यातला एक महिन्याभरानं आला होता. डोंगराच्या खाली गेट होतं, तिथं. टोपलीभर मासे घेऊन. गेटवरच्या जवानानं फोन केला, की ज्यानं बोट पाहिली त्याले भेटाचं म्हणते. मी म्हटलं, सांग त्याले, मी ड्युटीवर आहे."

ते थांबले.

"ड्युटीवर नव्हतो. खोलीत बसून होतो. थो दुपारपर्यंत बसला उन्हात. मग टोपली तिथंच ठेवून गेला. मी काही खाली उतरलो नाही."

"कावून?" आईने विचारलं.

"काय तोंड दाखवाचं? सव्वा तास उभा होता बिचारा हात वर करून."

मला काहीतरी म्हणावंसं वाटलं. तुमची चूक नव्हती, असं काहीतरी. पण मी पाहिलं कुठे होतं? आई मात्र शब्द गोळा करत होती. तिचा चेहरा लाल झाला, गळ्याची शीर ताणली. मी तिच्या मदतीला वाकले तर तिनेच मला हाताने थांबवलं.

"भाऊजी," ती म्हणाली. "मी... आली."

काकांना कळलं नाही. त्यांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली. "कुठं, वहिनी?"

"गेटवर." मध्ये एक मोठा श्वास. "तुमच्या... गेटवर. कवाची... बसून आहे. आता... खाली उतरा."

रस्त्यावरून दोन-तीन गाड्या गेल्या. मग काका उठले, खुर्चीची पाठ धरून आईच्या समोर आले आणि तिच्या पायांशी, पायरीवर, माझ्या शेजारी खाली बसले. आईने आपला उजवा हात उचलला, सावकाश, पूर्ण, आणि त्यांच्या खांद्यावर ठेवला.

"तुम्ही मले वाचवलं," ती म्हणाली. एकाही शब्दाला न अडखळता.

काकांनी मान खाली घातली.

"हाव, वहिनी," ते म्हणाले. "वाचवलं."